म्हशीला नंबर

सकाळी ८.३०
कोल्हापुरी चपलांसाठी कमावलेल्या कातड्यांचा नवा लॉट उतरला. बाभळीची साल आणि हिरडा, क्रोम नाही. प्रत्येक कातड्याच्या कडेला ठशानं नंबर, वहीत कमावणाऱ्याचं नाव, गाव, तारीख.

९.३०
कोल्हापूरचं सुभाषनगर. तात्या रापीनं तळ कापत बसलेले.
"तात्या, हा तळ कुठल्या कातड्याचा?"
"म्हशीचा."
"नंबर?"
"म्हशीला कुठं नंबर असतोय रं?"

त्यांचं खरंच आहे. नंबर कडेला, आणि कड तर कातरणात गेलेली. आता एका कातड्याचे तळ एका गठ्ठ्यात बांधायचे आणि दोऱ्याला नंबरची चिठ्ठी, असं ठरलं. तात्या "बरं" म्हणाले; करतील तेव्हा खरं.

११.००
खरी अडचण इथं. जोड एका घरात पुरा होत नाही. तळ तात्यांकडे, वेणी मावशींकडे, शिलाई तिसऱ्याच घरी. वेणीचं कातडं शेळीचं, तेही वेगळ्या दुकानातून आणलेलं. मावशींकडे गठ्ठा होता, चिठ्ठी नव्हती. हरवू नये म्हणून त्यांनी ती चष्म्याच्या डबीत जपून ठेवली होती! तीन गठ्ठ्यांच्या तीन चिठ्ठ्या, एकाच डबीत. उद्यापासून चिठ्ठी टाचेच्या भोकातून ओवून पक्की गाठ.

दुपारी १.००
भाकरी, झुणका.

२.००
संगणक. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या घाटाची चप्पल चालवली, गदारोळ झाला. त्याच वर्षी राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं, लिडकॉमनं, जोडाला क्यूआर कोड आणला: कारागीर कोण, जिल्हा कुठला, माल काय. नकली माल ओळखायला ते पुरतं. पण युरोपची माहितीची भूक मोठी आहे. त्यांचा २०२४/१७८१ क्रमांकाचा कायदा १८ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यात वस्तूचा डिजिटल पासपोर्ट आहे. कुठल्या वस्तू आधी, त्याच्या एप्रिल २०२५ च्या पहिल्या यादीत कापड, फर्निचर, गाद्या, टायर, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम. पादत्राणांचा आधी नुसता अभ्यास व्हायचाय. म्हणजे सवड आहे. पण गिऱ्हाईक कायद्याची वाट बघत नाही, आजच फॉर्म पाठवतं.

शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचं एक बरं आहे. भट्टीत वितळवलेल्या प्रत्येक घाण्याला (हीटला) नंबर, धातूच्या तपासणीचा (स्पेक्ट्रोचा) रिपोर्ट त्याच नंबरावर. त्यांना ही सवय जुनी.

४.००
खरेदीदाराचा मेल: कातड्यातलं क्रोमियम-६ किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत असल्याचा रिपोर्ट हवा. "आमचं क्रोमचं नाहीच" हे उत्तर चालत नाही, नमुना लॅबला जाणार. त्याची भीती नाही, भीती रंगाची. रंग सुटा आणतो, डब्यावर ना कंपनी, ना बॅच. काही ॲझो रंगांवरही तिकडे बंदी आहे. सुटा रंग बंद करायचा, महाग पडला तरी. चिकटवायच्या सोल्युशनचंही तेच. दुकानदाराकडे कागद मागितला तर तो हसला.

६.००
पहिला गठ्ठा तयार होऊन आला, चिठ्ठ्या जागेवर. एका जोडात मात्र डाव्याचा तळ १४ नंबरच्या कातड्याचा, उजव्याचा १५ चा. १४ चं कातडं मध्येच संपलेलं. क्यूआर जोडाला एकच. शीटमध्ये रकाना वाढवला: डावा, उजवा.