ज्वर गेला, कास उरला : क्ष-किरण चित्र केव्हा?

ऋतुसंधीच्या काळात प्रतिश्याय व ज्वर ओसरल्यावर कास मागे उरणे ही आपणा सर्व वैद्यांच्या नित्य परिचयाची बाब. विषाणुसंसर्गानंतरचा असा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळतो आणि बहुधा आपोआप शमतो. रुग्णाची नाडीगती मिनिटास १०० च्या आत, श्वसनगती २४ च्या आत, तापमान १००.४ अंश फॅरनहाइटखाली असेल व श्रवणयंत्राने छातीत विकृत ध्वनी ऐकू येत नसतील, तर न्यूमोनियाची शक्यता अल्प असते. अशा वेळी केवळ समाधानासाठी चित्र काढू नये. सी. टी. स्कॅन तर नकोच. त्यातील किरणांची मात्रा साध्या चित्राच्या कित्येक पट असते. २०२०-२१ च्या कोविड साथीत सौम्य रुग्णांचेही स्कॅन सर्रास झाले, डागांच्या टक्केवारीने घरेच्या घरे हादरली; सौम्य रोगात त्या आकड्याने चिकित्सेची दिशा मात्र ठरत नव्हती.

वृद्धांना हा आडाखा जसाच्या तसा लावू नये. त्यांच्यात न्यूमोनिया ज्वराविनाही येतो. कधी अन्नद्वेष वा मतिभ्रम एवढेच दिसते. दम लागणे, छातीत वेदना, कफातून रक्त किंवा प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही वयात त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आपल्या देशात खरा प्रश्न राजयक्ष्म्याचा आहे. प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय हा क्रम चरकाचार्यांनी निदानस्थानात सांगितलाच आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने त्यास नेमकी मुदत दिली : दोन आठवडे वा अधिक काळ खोकला किंवा ज्वर, घटते वजन, रात्रीचा घाम. म्हणजे वरील निर्धास्तपणा पहिल्या दोन आठवड्यांपुरताच. त्यानंतर थुंकीची तपासणी व छातीचे चित्र, दोन्ही करवून घ्यावे. एकट्या चित्रावर विसंबू नये. डाग म्हणजे क्षय असे सिद्ध होत नाही. तपासण्या निर्दोष आल्यावर उरलेले आठवडे सितोपलादि चूर्ण व पथ्य यांवर धीराने काढता येतात. धूम्रपान करणाऱ्या प्रौढांत मात्र खोकल्याचा बदललेला स्वभावही चित्रास पुरेसे कारण मानावे.

औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान येथे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. तेच गिऱ्हाईक खोकल्याची तिसरी बाटली नेत असेल, तर ते प्रथम त्यांनाच दिसते. त्याला ती देण्यापूर्वी खोकला किती दिवसांचा, हे विचारावे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल वा रॅमिप्रिल चालू आहे काय, हेही विचारावे. त्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, आणि तो कोणत्याही चित्रात दिसत नाही.