विजयादशमीचे नवे वाहन : मुहूर्त आणि व्यवहार

साडेतीन मुहूर्तांत विजयादशमीचे माहात्म्य आगळेच. साताऱ्यात या दिवशी जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते. शेतकरी अवजारांची आणि कारागीर हत्यारांची पूजा करतो. घरी आलेल्या नव्या मोटारसायकलीस झेंडूची माळ घालण्यामागेही हीच कृतज्ञता आहे. मात्र मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असतो, घासाघीस करण्याचा नव्हे. गर्दीच्या त्या दिवशी भाव ठरवू पाहणारा गृहस्थ सहसा तोट्यातच जातो. दर विचारण्यास घटस्थापनेपासूनचे नऊ दिवस हाताशी असतात.

परवान्यांच्या काळात नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि जुनीलाही चढा भाव मिळे. आज सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज असे चार ठिकाणी विचारता येते. मात्र सर्वत्र एकच प्रश्न विचारावा : कर, पासिंग, विमा आणि जोडसामान धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत एकूण किती? प्रत्येक रक्कम कागदावर वेगळी मागावी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा त्यापूर्वीच्या किमतींशी तुलना करू नये.

खरी गफलत होते ती जुनी गाडी देताना. समजा, नवीची किंमत ९५ हजार आहे. एक विक्रेता जुनीचे ३५ हजार देऊ करतो. पण सूट नाकारून ३ हजारांचे सामान माथी मारतो. दुसरा जुनीचे ३० हजारच देतो; परंतु ६ हजारांची सूट देतो. पहिल्याकडे ६३ हजार मोजावे लागतात, दुसऱ्याकडे ५९ हजार. म्हणून नवीचा भाव आधी पक्का करावा, जुनीचा विषय नंतर काढावा. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा उघड लिलावाने होतो. तसे जुन्या गाडीचे मोलही दोन-तीन ठिकाणी दाखवून अजमावावे.

याहून मोठा धोका कागदांचा. गाडी दिली, पैसे मिळाले, पण आर.टी.ओ.कडे नाव बदलले नाही, तर पुढील अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसाच निर्णय दिला आहे. यास्तव नमुना २९ व ३० कोरे ठेवून सही करू नये, गाडी सोपविल्याची तारीख व वेळ लिहून पोच घ्यावी आणि नाव बदलल्याची खातरजमा करावी. जुन्या विम्यावरील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. त्याचा दाखला घेतल्यास नव्या विम्यात सवलत मिळते.

व्यवहार असा चोख झाला, की दसऱ्याच्या सकाळी केवळ पूजाच उरते. घामाचा पैसा जपणे हीदेखील लक्ष्मीची पूजाच होय.