तगरचें कापड आणि रोमचें सोनें

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें गोरोबाकाकांचें म्हणून. परंतु गोरोबाकाकांच्या आधीं बाराशें वर्षें तेरणेच्या कांठीं येथेंच तगर नांवाचें मोठें नगर नांदत होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेंत त्याचा उल्लेख आहे. तें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं दाखविलें.

तगरहून जाई तें मुख्यतः कापड : साधें पुष्कळ, आणि तलम मलमलीचे नाना प्रकार. गाड्यांवर लादलेला हा माल १० दिवसांत पैठणास व तेथून आणखी २० दिवसांत भडोचेस पोंचे. आणि धड रस्ता असा बहुतेक ठिकाणीं नव्हताच. कल्याण बंदर याहून जवळ. पण राजकीय वैरामुळें तें कोंडलें गेलें होतें, व तेथें शिरलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचेस नेलें जाण्याचा संभव असे. राजांच्या भांडणाचा भुर्दंड असा कोष्ट्याच्या गांठोड्यावर पडे.

हा माल न्यावयास येणाऱ्यांची वाटहि सोपी नव्हे. मिसरांतील व्यापारी जुलईच्या सुमारास निघत व नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर भर समुद्र ओलांडीत. खरा धोका पुढेंच, खंबायतच्या आखातांत. तेथील तळच्या खडकांवर नांगराचे दोर कापले जात. ओहोटीस जहाज वाळूवर बसे, आणि भरतीचा लोट गर्जत आला कीं बसलेलें जहाज उलथून पडे. म्हणून राजाच्या चाकरींतील कोळी ‘त्रप्पग’ व ‘कोटिंब’ नांवाच्या लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. जहाजास दोर लावून भरतीबरोबर तें ओढावयाचें, ओहोटी लागतांच ठराविक डोहांत नांगर टाकावयाचा, आणि असें टप्प्याटप्प्यानें नर्मदेच्या मुखांतून भडोच गांठावयाचें, ही त्यांची विद्या. सारी भरभराट या अनामिक कोळ्यांच्या हातीं होती.

ही भरभराट मोजली कोणी? प्लिनी या रोमन ग्रंथकारानें. हिंदुस्थान दर वर्षास रोमचे निदान ५ कोटि सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार. आपल्याकडे हा आंकडा मोठ्या अभिमानानें सांगितला जातो. परंतु तोच प्लिनी म्हणतो कीं, हा माल रोममध्यें शंभरपट किंमतीस विकला जाई. ती वाढ बव्हंशीं रोमच्याच व्यापाऱ्यांच्या पदरांत पडत होती, आणि सरकार आयातीवर चौथाई जकात घेत होतें तें निराळेंच. (प्लिनीचा अंत इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत झाला. त्याच उद्रेकाच्या राखेखालीं पाँपेईस एक हिंदी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्याच धर्तीची दुसरी तेरच्या लामतुरे संग्रहालयांत आहे.)

आतां इकडे काय आलें तें पाहावें. भडोचेस उतरणाऱ्या मालांत मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळीं, कांच व सोन्याचांदीचीं नाणीं होतीं. राजासाठीं रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें व अंतःपुराकरितां सुंदर मुली. सातवाहनांचीं स्वतःचीं नाणीं मात्र बहुतेक शिशाचीं, तांब्याचीं व मिश्र धातूचीं. बाजारांत भाजी घेणाऱ्याच्या हातीं सोनें नव्हतें.

तरी कोष्टी अगदींच कोरडा राहिला, असेंहि म्हणतां येत नाहीं. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकजवळच्या गोवर्धनांतील एका कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायमचे ठेवल्याचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. व्याज दरमहा शेंकडा १. म्हणजे वर्षाचे २४०, त्यांतून २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२. राजघराण्यानें विश्वास ठेवावा इतकी ती श्रेणी भक्कम होती. मात्र प्लिनीचे ५ कोटि सेस्टर्स म्हणजे ५ लक्ष सोन्याचीं नाणीं. आणि त्याच लेण्यांत दिलेल्या ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या भावानें त्या श्रेणीची ठेव भरते सुमारें ५७ सुवर्ण.