गृहोद्यानातील बांबूचा विस्तार व त्याचे नियंत्रण : मूलक्षोडाच्या स्वरूपावर आधारित विवेचन

प्रस्तावना

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत आडोशासाठी, सावलीसाठी किंवा केवळ शोभेसाठी बांबू लावला जातो. कोकणातील परसात माणग्याचे बेट किंवा विदर्भात शेताच्या बांधावर मानवेल असणे ही गोष्ट नवी नाही. तेथे जागा पुरेशी असते आणि काठीला नित्य मागणी असल्यामुळे बेट आपोआप आटोक्यात राहते. शहरातील बंगल्यांच्या व गृहनिर्माण संस्थांच्या आवारात मात्र या दोन्ही गोष्टी नसतात. काही पावसाळे उलटले की कोंब शेजाऱ्याच्या अंगणात डोकावू लागतात, कुंपणाची भिंत ढकलली जाते, पायवाटेची फरशी उचलली जाते. मग सर्व काठ्या सरसकट तोडल्या जातात. पुढील हंगामात कोंब पुन्हा येतात. अखेरीस तणनाशक ओतले जाते. एवढे करूनही बांबू हटत नाही. शेजाऱ्याशी असलेले संबंध मात्र बिघडतात.

बांबूचे नियंत्रण म्हणजे जमिनीवरील काठ्यांचे नव्हे, तर जमिनीखालील खोडाचे नियंत्रण होय. आणि ते खोड कोणत्या प्रकारचे आहे हे निश्चित केल्यावाचून योजलेला उपाय बहुधा व्यर्थ जातो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बांबूच्या वाढीचे स्वरूप

बांबू हे वृक्ष नसून गवताच्या कुळातील (पोएसी) वनस्पती आहे. जमिनीतून निघणारा कोंब आपली पूर्ण जाडी घेऊनच वर येतो. साधारणतः दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर ती काठी उंचीने वा जाडीने वाढत नाही. ती केवळ पक्व होते. तोडलेली काठी पुन्हा वर वाढत नाही. पुढील वर्षी दिसणारी काठी नव्या कोंबापासून आलेली असते.

हा नवा कोंब जमिनीतील आडव्या खोडावरील डोळ्यापासून फुटतो. या खोडास वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात. पानांनी तयार केलेले अन्न त्यात साठविले जाते आणि त्याच साठ्यावर पुढील हंगामाचे कोंब पोसले जातात. म्हणूनच एकदा केलेल्या तोडणीने बांबू नष्ट होत नाही.

मूलक्षोडाचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात मूलक्षोड आखूड, जाड व वळलेले असते आणि त्याचे टोक स्वतःच वर वळून काठी बनते. त्याच्या बाजूच्या डोळ्यापासून पुढील मूलक्षोड निघते. परिणामी काठ्या दाटीने उभ्या राहून बेट तयार होते आणि ते दरवर्षी परिघावर थोडे थोडे रुंदावते. महाराष्ट्रातील मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस), कळक (बांबुसा बांबोस) आणि माणगा (डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्साय) या प्रमुख जाती याच प्रकारच्या आहेत.

दुसऱ्या प्रकारात मूलक्षोड बारीक व लांब असते. त्याचे टोक जमिनीखालीच आडवे धावत राहते आणि पेरांच्या सांध्यांवरील काही डोळ्यांपासून अंतराअंतरावर काठ्या वर येतात. चीन-जपानमधील फिलोस्टॅकिस प्रजातीचे बांबू या प्रकारात मोडतात. भारतात ते मुख्यतः ईशान्येकडील थंड डोंगराळ भागात आढळतात. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी समाजाने जोपासलेली बांबूची राई हे त्याचे परिचित उदाहरण होय.

या दोहोंच्या मधली स्थिती मिझोराममधील मुळी बांबूत (मेलोकॅना बॅक्सिफेरा) दिसते. त्याचे मूलक्षोड पहिल्या प्रकारचे असले तरी त्याची मान लांब असल्याने काठ्या दाटीने न येता विखरून येतात.

जात ओळखण्यातील अडचण

रोपवाटिकेत हा भेद क्वचितच सांगितला जातो. ‘गोल्डन बांबू’ हे एकच नाव दोन भिन्न वनस्पतींना लावले जाते. पिवळ्या काठीवर हिरव्या रेषा असलेला बांबुसा व्हल्गॅरिसचा वाण बेट करून राहतो. फिलोस्टॅकिस ऑरिया मात्र धावतो. म्हणून नावावर विसंबून न राहता पुढील लक्षणे पाहावीत. फिलोस्टॅकिसच्या प्रत्येक सांध्यावर सामान्यतः दोन असमान फांद्या असतात आणि फांद्यांच्या वरच्या पेरावर एका बाजूस उभी खाच असते. आपल्याकडील बेट करणाऱ्या जातींमध्ये सांध्यावर अनेक फांद्यांचा झुबका असतो. तरीही शंका राहिल्यास कुदळीने कडेची माती उकरून मूलक्षोड प्रत्यक्ष पाहावे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

बेट करणाऱ्या बांबूचे नियंत्रण

येथे मुख्य प्रश्न धावण्याचा नसून दाटीचा व परिघ वाढण्याचा असतो. त्यासाठी काही गोष्टी पुरेशा ठरतात.

पहिली गोष्ट अंतराची. मोठ्या जातीचे रोप भिंतीपासून किमान तीन मीटर दूर असावे. जागा त्याहून कमी असल्यास लहान जात निवडावी.

दुसरी गोष्ट कोंब काढण्याची. या जातींचे कोंब पावसाळ्यात येतात. ज्या बाजूस विस्तार नको, त्या बाजूचे कोंब वीतभर उंचीचे असतानाच मुळाशी काढावेत. त्या वेळी ते कोवळे असतात आणि कोयत्याच्या एका घावात निघतात. विदर्भात ‘वास्ते’ म्हणून या कोंबांची भाजी होते. त्यांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असल्याने ते चिरून, पाण्यात उकळून व ते पाणी टाकून देऊनच वापरावेत. अशा रीतीने नियंत्रणाचे काम स्वयंपाकघराशी जोडले गेले की ते दरवर्षी न चुकता होते.

तिसरी गोष्ट काठ्या विरळ करण्याची. तीन वर्षे पूर्ण झालेल्या काठ्या हिवाळ्यात, जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सांध्याच्या किंचित वर तोडाव्यात. एक-दोन वर्षांच्या काठ्या राखाव्यात, कारण नवे कोंब त्यांच्याच मूलक्षोडापासून येतात. जुन्या काठ्या बहुधा बेटाच्या मध्यभागी असतात. तेथवर पोहोचण्यासाठी एका बाजूने वाट काढून नालाच्या आकारात तोडणी करावी. पावसाळ्यात तोडणी करू नये. नव्या कोंबांना इजा होते.

या प्रकारच्या बांबूस जमिनीत प्लॅस्टिकचा अडथळा घालण्याचा फारसा उपयोग नाही. जाड मूलक्षोड दाब देऊन तो वाकवते. कुंडीतील बांबू याच कारणाने कुंडी फोडतो.

धावणाऱ्या बांबूचे नियंत्रण

धावणारे मूलक्षोड बहुतांशी जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर थरात राहते. त्यामुळे येथे अडथळा परिणामकारक ठरतो. उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा सलग पत्रा ६० ते ७५ सेंटिमीटर खोल पुरावा. त्याचा वरचा काठ बांबूपासून किंचित दूर कललेला आणि जमिनीच्या वर पाच सेंटिमीटर राहील असा असावा. मूलक्षोड पत्र्यास अडले की या कलामुळे ते खाली न जाता वर येते आणि दृष्टीस पडून छाटता येते. पत्र्याचा जोड हे सर्वांत कच्चे स्थान असल्याने तो घट्ट बंद करावा. विटांची भिंत पुरेशी नसते. तिच्या सांध्यांतून मूलक्षोड वाट काढते.

पत्र्याऐवजी बेटाभोवती फूटभर रुंद व दीड फूट खोल चर ठेवता येतो. चरात डोकावणारी मूलक्षोडे वर्षातून दोनदा छाटावीत. हा उपाय स्वस्त आहे, पण एखादे वर्ष दुर्लक्ष झाले की निष्फळ होतो. बूड भोके असलेली कुंडी जमिनीत पुरणे मात्र टाळावे. मूलक्षोड त्या भोकांतून निसटते.

बांबू समूळ काढणे

बांबू मुळीच नको असल्यास सर्व काठ्या जमिनीलगत तोडाव्यात आणि पुढे येणारा प्रत्येक कोंब पाने फुटण्यापूर्वी काढावा. नवे अन्न मिळत नसल्याने मूलक्षोडातील साठा हळूहळू संपतो. यास दोन-तीन वर्षे लागू शकतात. घाई असल्यास टिकाव, पहार व कुऱ्हाड यांनी मूलक्षोड खणून काढावे. तणनाशकाचा मार्ग घरगुती बागेत इष्ट नाही. ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. शिवाय मूलक्षोड कुंपणापलीकडे गेले असल्यास औषधाचा परिणाम शेजारच्या काठ्यांवरही होऊ शकतो.

कायदा आणि शेजारधर्म

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता. नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकमाने व त्यानंतरच्या सुधारणा कायद्याने तो वगळण्यात आला. त्यामुळे वनेतर जमिनीवरील बांबूची तोड व वाहतूक त्या अधिनियमाच्या परवान्यातून मुक्त झाली. याउलट अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये धावणाऱ्या बांबूविषयी कायदा केला. बांबू सीमेपलीकडे पसरू देणाऱ्यावर नुकसानीचे उत्तरदायित्व टाकले आणि विक्रेत्याने ग्राहकास त्याच्या विस्ताराची लेखी कल्पना देणे बंधनकारक केले. आपल्याकडील बहुतेक बांबू बेट करणारे असल्याने तशा कायद्याची निकड भासत नाही. परंतु रोपावर मूलक्षोडाचा प्रकार नमूद करण्याची पद्धत येथेही स्वीकारण्यासारखी आहे.

निष्कर्ष

विदेशी बागकाम-पुस्तकांतील बांबूविषयीचा धाक मुख्यतः धावणाऱ्या जातींवरून आला आहे. तो मानवेल वा माणग्यास सरसकट लावून चांगले बेट उखडणे जितके अनुचित, तितकेच फिलोस्टॅकिस हा आपलाच बांबू समजून कुंपणालगत लावणे धोक्याचे आहे. लागवडीपूर्वी मूलक्षोड ओळखणे, पावसाळ्यात कोंब काढणे आणि हिवाळ्यात जुन्या काठ्या विरळ करणे हा क्रम पाळला, तर बेट करणारा बांबू लहान आवारातही मर्यादेत राहतो. धावणारा बांबू लावायचाच असेल, तर अडथळा रोपाबरोबरच घालावा. बांबू पसरल्यानंतर तेच काम कितीतरी कष्टाचे होते.