चुनखडकातला तेल-वायूचा हिशेब

उज्जैनचा काळा कातळ महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचा वाटतो. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला, त्याच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर माळव्याचं पठार उभं आहे. या कातळात तेलाचा उगम शोधण्यात अर्थ नाही. पण वायव्येला नीमच-निंबाहेड्याकडे गेलं की लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुने विंध्य खडक उघडे पडतात. तिथला चुनखडक सिमेंट कारखान्यांना जातो. चित्तोडगडजवळ भोजुंडा इथे त्यात स्ट्रोमॅटोलाइट दिसतात, म्हणजे उथळ समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेल्या घुमटासारख्या आकृती.

याच विंध्य खोऱ्याच्या पूर्व भागात, मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात, ओएनजीसीच्या विहिरींमध्ये नैसर्गिक वायू सापडला आहे. तिथला रोहतास चुनखडक सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या जुन्या खडकाने कधी तेल-वायू दिला असेल का, हे कसं ठरवतात?

पहिली पायरी नमुन्याची. उघड्यावरच्या दगडातले सेंद्रिय पदार्थ हवा-पाण्याने झिजलेले असतात, म्हणून विहिरीतून काढलेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, बरा. त्यालाही खोदाईच्या चिखलातलं तेल लागलेलं असू शकतं. ते आधी धुऊन काढावं लागतं.

दुसरी पायरी कार्बन मोजण्याची, आणि चुनखडकात इथेच अडचण येते. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात 12 टक्के कार्बन खनिजाचाच असतो. आपल्याला हवा असलेला सेंद्रिय कार्बन बहुधा एक टक्क्याहूनही कमी. म्हणून दगडाची पूड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून कार्बोनेट विरघळवतात. त्यातलं डोलोमाइट हे दुसरं कार्बोनेट थंड आम्लाला सहज दाद देत नाही, त्याला ऊब द्यावी लागते. उरलेला गाळ धुऊन, वाळवून भट्टीत जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. शेलसाठी किमान 0.5 टक्के सेंद्रिय कार्बन हवा असं धरतात; चुनखडकासाठी अनेक अभ्यासक 0.3 टक्क्यांवरही समाधान मानतात.

तिसरी पायरी रॉक-इव्हल यंत्राची. चिमूटभर पूड हवेविना तापवली जाते. सुमारे 300 अंश सेल्सिअसला खडकात आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन उडून जातात; तो एस-1. पुढे तापमान चढवत नेलं की केरोजेन, म्हणजे न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ, फुटतो. त्यातून निघतो तो एस-2. एस-2 ज्या तापमानाला सर्वाधिक असतो तो टी-मॅक्स. ढोबळमानाने 435 ते 470 अंश ही तेलनिर्मितीची पातळी, त्यापुढे वायूची. एस-2 ला सेंद्रिय कार्बनाने भागून शंभराने गुणलं की हायड्रोजन निर्देशांक मिळतो.

समजा कार्बन 0.4 टक्के आणि एस-2 ग्रॅममागे 0.4 मिलिग्रॅम आला. निर्देशांक 100. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यावर हा बिंदू जमिनीवरच्या झाडापाल्यापासून बनलेल्या केरोजेनजवळ पडतो. पण 160 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर झाडंच नव्हती! तेव्हा पदार्थ जिवाणू-शैवालांचाच, मूळचा हायड्रोजनने संपन्न. खोल दडपून तापल्यावर त्यातला हायड्रोजन तेल-वायू होऊन निघून गेला, असा अर्थ निघतो. भांड्यातला खवा पाहून दूध किती होतं हे सांगायचं, तर ते किती आटलंय हेही कळावं लागतं. शिवाय एस-2 अगदी लहान असेल तर टी-मॅक्सवर विसंबता येत नाही. लाकडाच्या कणांवरून परिपक्वता, म्हणजे खडक किती तापला ते, मोजण्याची नेहमीची पद्धतही इथे निरुपयोगी, कारण लाकूडच नाही. मग घट्ट झालेल्या बिटुमेनच्या चकाकीचा आधार घेतात.

जुना म्हणून खडक निकामी ठरत नाही. ओमानमध्ये कँब्रियनपूर्व खडकांतून बनलेलं तेल निघतं आणि राजस्थानात बाघेवाला इथे 1991 मध्ये ऑइल इंडियाला तितक्याच प्राचीन थरांत जड तेल मिळालं. तेव्हा एखाद्या अहवालात नुसता सेंद्रिय कार्बनाचा टक्का दिसला, तर तीन प्रश्न जरूर विचारा: नमुना कुठला, खडक किती तापला होता आणि तापण्याआधी त्यात काय होतं? त्यांची उत्तरं नसतील, तर तो टक्का निर्णयाला पुरेसा नाही.