मिरचीचा हंगाम आणि उशिरां कळणारा रोग

अहेरीजवळ प्राणहिता ओलांडली कीं तेलंगणाची हद्द लागते. धानाची मळणी आटोपली म्हणजे या भागांतील कुटुंबेंच्या कुटुंबें खम्मम-वरंगळकडे मिरची तोडावयास जातात आणि तेंदूपानाच्या सुमारास परततात. पोटासाठीं केलेल्या या प्रवासांत निंदेजोगें कांहीं नाहीं. परंतु जो रोग रक्त तपासल्यावांचून ओळखतां येत नाहीं, त्याला असें फिरतें जीवन फार मानवतें. एच्. आय्. व्ही. हा असा रोग होय.

हिंदुस्थानांत तो प्रथम १९८६ सालीं आढळला. असुरक्षित समागम, दूषित रक्त वा सुई, आणि बाधित मातेकडून बालक, हे त्याचे मार्ग. आरंभीं थोडा ताप येतो व जातो. पुढें आठ-दहा वर्षें माणूस धडधाकट दिसतो. या अवधींत विषाणु स्वस्थ नसतो. रोगांशीं झुंजणाऱ्या ‘सी-डी-फोर’ पेशी तो एकसारख्या मारीत असतो. घन मिलिमीटर रक्तांत त्या पांचशेंहून अधिक असाव्या. ३५० च्या खालीं गेल्यावर रोग उमगला तर डॉक्टर त्यास उशिरांचें निदान म्हणतात, आणि दोनशेंच्या खालीं क्षयासारखे रोग झडप घालतात. पुष्कळ मजुरांची तपासणी होते ती या क्षयाच्या निमित्तानेंच.

स्त्रियांची गोष्ट निराळी. गर्भवतीचें रक्त सरकारी दवाखान्यांत तपासलें जातें. तिच्या नवऱ्याचें बहुधा राहून जातें. मग रोग तिच्या नांवावर आधीं उघड होतो, आणि ‘हिनेंच घरांत आणला’ असा निवाडा ओसरीवरच होतो. जी आधीं तपासली गेली ती आधीं बाधली, हा तर्क शाळेंतील पोरालाही पटूं नये!

औषध २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतें. पूर्वीं पेशी ठराविक संख्येखालीं उतरेपर्यंत थांबावें लागे. २०१७ पासून रोग आढळतांच औषध सुरू करतात. तें नियमित घेऊन रक्तांतील विषाणु मोजतां न येण्याइतका उतरला व तसाच राहिला, तर समागमानें तो दुसऱ्यास लागत नाहीं. पण गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी लागते, आणि हंगाम कित्येक महिन्यांचा. प्रकृति स्थिर असल्यास कांहीं महिन्यांचें औषध एकदम मिळूं शकतें, किंवा दुसऱ्या केंद्रावर नांव वर्ग होतें. मात्र त्यासाठीं निघण्यापूर्वीं केंद्रांत सांगावें लागतें. तेथें बोललेलें बाहेर फोडणें २०१७ च्या कायद्यानें वर्ज्य आहे, हें मजुरास कोणीतरी आधीं सांगितलें पाहिजे.

लागण अगदीं ताजी असेल तर तपासणींत ती सांपडत नाहीं. म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनीं पुन्हा रक्त द्यावें. अहेरीच्या हिशेबानें, मिरचीवरून परतल्यावर एकदां, आणि धानाची रोवणी आटोपल्यावर दुसऱ्यांदा.