विहिरीच्या तळाशी रक्ताचा व्यवहार उलटतो

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेच्या चक्की नाका परिसरातील एका विहिरीत सफाईसाठी उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला पाहायला दुसरे उतरले, मग अग्निशमन दलाचे जवान. एकूण पाच जणांचा बळी गेला. त्यात दोन जवान होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ठाण्यातील ढोकाळी येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार दगावले. अशा वेळी एक प्रश्न हमखास पडतो. श्वास रोखून माणूस अर्धा-पाऊण मिनिट सहज राहतो, मग तेवढ्यात दोरी धरून वर का येता येत नाही?

उत्तर रक्ताच्या कामकाजात आहे. प्राणवायू रक्तात नुसता विरघळून जातो तो जेमतेम दोन टक्के. बाकी सगळा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूवर प्राणवायूचे चार रेणू बसतात. ही पकड मुद्दामच सैल असते. भोवती प्राणवायूचा दाब जास्त असला की हिमोग्लोबिन तो धरते, कमी असला की सोडते. म्हणून फुप्फुसात माल चढतो आणि काम करणाऱ्या स्नायूत उतरतो.

परतीच्या फेरीत रक्त कार्बन डायऑक्साइड आणते. त्यातला सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात येतो, काही हिमोग्लोबिनला चिकटून आणि थोडा विरघळून. फुप्फुसात बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो.

हा सगळा व्यवहार दाबातील फरकावर चालतो, आणि धोका तिथेच आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. वापरात नसलेल्या विहिरीत गाळ आणि पालापाचोळा कुजताना जिवाणू तो संपवत जातात. तळाशी त्याचे प्रमाण सहा टक्क्यांखाली गेले, तर फुप्फुसातील दाब रक्तातील दाबापेक्षाही कमी होतो. मग प्राणवायू उलटा, रक्तातून फुप्फुसात जातो. श्वास रोखला तर निदान फुप्फुसातील साठा पुरतो; इथे घेतलेला प्रत्येक श्वास तो साठा धुऊन काढतो. मिनिटभराच्या आत शुद्ध हरपते, हातातली दोरी सुटते.

शरीर आधी इशाराही देईलच असे नाही. जीव घुसमटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू नुसताच कमी असेल आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत असेल, तर माणसाला काही बिघडल्याचे जाणवतही नाही. गटारात आणि मैल्याच्या टाकीत आणखी एक वैरी असतो, हायड्रोजन सल्फाइड. तो पेशींना आलेला प्राणवायू वापरू देत नाही. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला, असे समजणे म्हणूनच घातक ठरते.

आत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही. ज्योत विझली तर प्राणवायू कमी, हे खरे. पण ती तेवत राहिली म्हणून विषारी वायू नाही, असे होत नाही. शिवाय आत मिथेन असेल तर भडका उडू शकतो. तोंडाला ओला फडका बांधून प्राणवायू वाढत नाही आणि साधा मास्कही तो पुरवत नाही. वायुमापक यंत्राने तपासणी, हवा पुरवणारे श्वसनयंत्र, कमरेला सुरक्षा पट्टा आणि वर दोर धरून उभी असलेली माणसे, एवढे असल्याशिवाय कोणी उतरू नये आणि सोसायटीनेही कोणाला उतरवू नये.

आत कोणी कोसळलेच, तर वरच्यांनी १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. कोसळलेल्याच्या कमरेला दोर असेल तर वरूनच ओढावे. मागोमाग आत उडी घेणाऱ्याचे रक्तही त्याच नियमाने चालते.